शेवाळाचा अपराध

बनशंकरीजवळच्या येडियूर तलावाचे पाणी हिरवट दिसले, की औषध टाकून शेवाळ मारावे, असे आम्हां काठावरच्या मंडळींस सहज वाटते. औषध जुनेच आहे. मोरचुदाचा हा उपयोग अमेरिकेत मूर व केलरमन यांनी १९०४ साली प्रसिद्ध केला. अल्प मात्रेनेही शेवाळ मरते, हे खरे. परंतु ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो व मासे गुदमरतात. तांबे तर नाश न पावता गाळात साचते. मिनेसोटातील फेअरमाँट तलावांत हा उपचार ५८ वर्षे चालला. त्याचा हिशेब १९८४ साली मांडला गेला, तेव्हा लाभ चार दिवसांचा आणि हानी टिकाऊ, असेच आढळले.

मग शेवाळाचा अपराध कोणता? सांडपाण्यातून स्फुरद त्यास आम्हीच पुरवितो, आणि ते माजले म्हणून शिक्षाही आम्हीच देतो. मोरचूद सर्वथा त्याज्य, असे आमचे म्हणणे नाही. पिण्याचे पाणी धोक्यात आले, तर तो आपद्धर्म होय. परंतु आपद्धर्मालाच नित्यधर्म मानणे, म्हणजे आपले ऋण पुढील पिढीच्या नावे गाळात लिहून ठेवणे होय. आधी आपले सांडपाणी आवरावे. शेवाळाचा न्याय मागाहून करावा.