फुकटचा कोड आणि आपलं देणं

जे फुकट मिळालं, ते एक दिवस चालेनासं झालं, तर तक्रार करायचा हक्क कोणाला? प्रश्न पुस्तकी वाटेल, पण बोईसर-तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या युनिटच्या डिस्पॅचमध्ये तो कुठल्याही सकाळी उभा राहू शकतो.

समजा, तिथे पायथनमधलं एक कमांड-लाइन टूल आहे. एक्सेलची फाइल द्यायची, एंटर मारायचं, लेबलं तयार. ते लिहिणारा मुलगा कधीच नोकरी सोडून गेलाय. लॅपटॉप बदलतो, नवीन पायथन येतं आणि टूल मान टाकतं. एरर खालून वर वाचत गेलं की कळतं, गडबड आपल्या कोडमध्ये नाही, ‘एक्सएलआरडी’ या लायब्ररीत आहे. तिचं जुनं व्हर्जन ‘गेटइटरेटर’ नावाची मेथड शोधतंय, आणि ती पायथन ३.९ने २०२०मध्ये काढून टाकली. बरं, लायब्ररी अपडेट करावी, तर डिसेंबर २०२०च्या २.० व्हर्जनपासून ती ‘एक्सएलएसएक्स’ फाइल वाचतच नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

राग येतो. पण कोणावर? लायब्ररी सांभाळणाऱ्यांनी काही लपवलं नव्हतं. यापुढे फक्त जुन्या ‘एक्सएलएस’ फाइली, बाकीसाठी ‘ओपनपायएक्सएल’ वापरा, असं त्यांनी सरळ सांगितलं होतं. लायसन्समध्येही ‘कसलीच हमी नाही’ हे आधीपासून लिहिलेलं होतं.

इथून जवळच याच्या उलट गोष्ट घडली आहे. तारापूर अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिट्स १९६९मध्ये सुरू झाली. त्यांना लागणारं समृद्ध युरेनियम अमेरिका देणार, असा १९६३चा तीस वर्षांचा करार होता. १९७४ची पोखरण चाचणी झाली, १९७८मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला, पुरवठा अडला आणि १९८२मध्ये फ्रान्सला मध्ये यावं लागलं. तिथे भारताची तक्रार रास्त होती, कारण शब्द दिलेला होता. ‘पिप इन्स्टॉल’ करताना आपल्याला कोणीच शब्द देत नाही.

मग सगळं स्वतःच लिहावं? तिसरं आणि चौथं युनिट नैसर्गिक युरेनियमवर चालणारं, स्वदेशी, प्रत्येकी ५४० मेगावॅटचं. पण त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना उठावं लागलं. स्वावलंबनाचीही किंमत असते, आणि ती बऱ्याचदा तिसराच कोणीतरी मोजतो.

माझ्या मते खरा नैतिक प्रश्न या तिसऱ्या माणसाचा आहे. डिस्पॅचमधल्या माणसाने कुठलंही लायसन्स वाचलेलं नाही. लायब्ररी त्याने निवडलेली नाही, आपण निवडली. पायथन अशा बदलांच्या सूचना आधी देतं, पण त्यातल्या बऱ्याच साध्या वापरात दिसत नाहीत. त्या असतात कोड लिहिणाऱ्यासाठी. म्हणजे धोका बघायची सोय फक्त आपल्याकडे असते. जबाबदारीही तिथेच येते.

जुनं पायथन ३.८ आणि जुनी लायब्ररी वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये गोठवून ठेवली, तर टूल अर्ध्या तासात चालू होतं. गाडी भरायची असेल तर ते करावंच. पण ३.८चे सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२४मध्ये थांबले. ‘झालं’ म्हणून निघून जाणं म्हणजे आपलं कर्ज गुपचूप पुढच्याच्या नावावर चढवणं. मालकाला सांगावं, की हे तात्पुरतं आहे. रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये व्हर्जनशेजारी कारण लिहावं. आणि तारीख ठरवून ‘ओपनपायएक्सएल’वर जावं.

दुसऱ्यावर अवलंबून असण्यात कमीपणा नाही. जगात कोणाचंच त्यावाचून चालत नाही. पण आपण कोणावर उभे आहोत, हे आपल्यावर उभ्या असलेल्यांना माहीत असायला हवं. फुकट ते पौष्टिक असेलही, पण वाढणाऱ्याने ते किती दिवसांचं आहे, हे खाणाऱ्याला सांगायला नको का?