विशेषण लावण्याआधी माणूस बघा

बसा खाली. वह्या तपासून झाल्यात आणि आज एकाचीही सबब ऐकणार नाही.

आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या थोर माणसांवर इंग्रजीत दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. काय लिहिलंत? विनोबा 'ऑब्स्टिनेट' होते! १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी ज्यांना देशातून पहिले निवडले, त्यांना तुम्ही हेकेखोर ठरवलंत. काहून? गाइडात छापलंय म्हणून? चूक दिसली तरी हेका सोडत नाही, तो ऑब्स्टिनेट. विचार करून उचललेलं पाऊल जो मागे घेत नाही, तो 'रेझोल्यूट'.

गांधीजी म्हणे 'स्टिंजी'! आलेली पाकिटं उलटून त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहिणारा माणूस 'फ्रूगल' असतो. दुसऱ्यासाठी ज्याच्या हातून दमडी सुटत नाही, तो स्टिंजी. आणि गांधीजींचं हसू 'चाइल्डिश' कसं? चाइल्डिश म्हणजे पोरकट. निरागसाला 'चाइल्डलाइक' म्हणतात.

आणि जमनालालजी बजाज 'सबमिसिव्ह'? इंग्रजांची रायबहादुरकी परत करणारा, १९२८ मध्ये वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडणारा माणूस दबणारा होता? दबून मान तुकवतो तो सबमिसिव्ह. मोठा असून मोठेपणा मिरवत नाही तो 'हंबल'.

इंग्रजी अवघड आहे, ही रड माझ्यापुढे नको. घरच्या काटकसरी आजीला तुम्ही कधी कंजूष म्हणता का? मराठीत फरक नेमका कळतो, मग इंग्रजीची वही उघडली की अक्कल गहाण का पडते? शब्दांच्या जोड्या घोकता, माणसाकडे बघत नाही, म्हणून!

स्वतःची वेळ आली की मात्र गोड शब्द बरोबर सापडतात. शिपाईकाकांना उलट उत्तर देणारा वहीत स्वतःला 'फ्रँक' म्हणवतो. अरे, ते 'रूड' आहे. फ्रँक माणूस खरं बोलतो, पण समोरच्याचा मान ठेवून बोलतो. आपल्या सिंदीच्या तान्ह्या पोळ्यात सजवलेला नंदी घेऊन उभे राहता तेव्हा तुम्ही 'प्राउड' असता. त्यात काही वाईट नाही. शेजारच्या पोराचा लहानसा नंदी पाहून नाक मुरडलंत, की झालात 'अ‍ॅरोगंट'.

एका मार्कासाठी मी घसा कोरडा करत नाही. विशेषण म्हणजे माणसाबद्दल दिलेली साक्ष असते. उद्या नोकरीच्या अर्जात स्वतःबद्दल लिहाल, कोणाच्या तक्रारीत दुसऱ्याबद्दल लिहाल. चुकीच्या शब्दाने तिथे निर्दोष माणूस बदनाम होतो आणि उद्धट माणूस सभ्य ठरतो. ही खोटी साक्ष माझ्या वर्गातून जाणार नाही.

दहाच्या दहा ओळी पुन्हा लिहायच्या. प्रत्येक विशेषणापुढे त्या माणसाची एक कृती लिहा. कृती सापडली नाही, तर विशेषण खोडा. उघडा वह्या.