पाळण्यातले पाय

सिंगापुरात मे महिना उजाडला की प्रायमरी सिक्सच्या मुलांच्या घरात वेगळंच वारं वाहू लागतं. पीएसएलईची धास्ती असतेच, पण त्याआधी डीएसएचे फॉर्म भरायचे असतात. नव्याने आलेल्या मंडळींसाठी सांगतो, डीएसए म्हणजे डायरेक्ट स्कूल अ‍ॅडमिशन. शिक्षण मंत्रालयाने २००४ साली सुरू केलेल्या या योजनेत खेळ, संगीत, नाट्य अशा एखाद्या गुणावर बारा वर्षांच्या मुलाला पीएसएलईचा निकाल लागण्याआधीच माध्यमिक शाळेत जागा मिळू शकते. त्याच वर्षी वुडलंड्सला सिंगापूर स्पोर्ट्स स्कूलही सुरू झालं. निवडीचा हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चालतो, म्हणजे नेमका आपल्या गणपतीच्या सुमारास. मग आरती झाल्यावर प्रसाद हातात घेऊन गप्पा सुरू होतात, "काय मग, बॅडमिंटनमधून झालं का तुमच्याकडे?"

या गप्पा ऐकताना मला दरवर्षी एक प्रश्न पडतो. बारा वर्षांच्या मुलाकडे अर्धा तास पाहून "हा पुढे चमकेल" किंवा "ह्याच्यात दम नाही" असं ठरवणं न्याय्य आहे का? आणि ठरवावंच लागत असेल, तर ठरवणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते?

या कामाचं पार शास्त्र करून टाकलेलं पाहायचं असेल, तर अमेरिकेतल्या हायस्कूल बेसबॉलकडे पाहावं. तिथे मास्टर्स करत असताना मी पहिल्यांदा मैदानाच्या जाळीमागे स्पीडगन आणि वही घेऊन बसलेली माणसं पाहिली. पोरं सोळा-सतरा वर्षांची. कोणी कॉलेजकडून आलेलं, कोणी व्यावसायिक संघाकडून. फलंदाजीतलं सातत्य, फटक्याची ताकद, धावण्याचा वेग, फेकीचा हात आणि क्षेत्ररक्षण असे पाच गुण ते तपासतात. व्यावसायिक संघांचे स्काउट प्रत्येक गुणाला २० ते ८० मधला आकडा देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. कॉलेजांचा हिशेब तर आणखी काटेकोर. पहिल्या दर्जाच्या कॉलेज संघाला वर्षानुवर्षं फक्त ११.७ शिष्यवृत्त्या वाटता येत. हा नियम २०२५ मध्ये बदलला, पण तोवर एकेका शिष्यवृत्तीचे तुकडे करून ते मुलांना दिले जात.

या सगळ्यात मला एक गोष्ट मनापासून आवडली. स्काउट प्रत्येक गुणापुढे दोन आकडे लिहितो, एक आजचा आणि एक उद्याचा. आजचा आकडा मोजलेला असतो, उद्याचा अंदाजाने लिहिलेला असतो, आणि हा फरक कागदावर स्वच्छ दिसतो. आपण आईबाप आणि शिक्षक मात्र हे दोन आकडे एकात मिसळून टाकतो. मुलगी आज शर्यतीत पहिली आली, एवढं म्हणून आपण थांबत नाही. "हिच्यात ते आहे", असं म्हणून मोकळे होतो.

उद्याचा आकडा किती फसवा असू शकतो, ह्याचं उदाहरण बेसबॉलमध्येच आहे. १९८० साली बिली बीन नावाच्या मुलाला न्यूयॉर्क मेट्सने पहिल्याच फेरीत उचललं. उंच, चपळ, पाचही गुण अंगात. स्टॅनफर्डला जायचं सोडून तो व्यावसायिक खेळाकडे वळला आणि मेजर लीगमध्ये चमकलाच नाही. पुढे हाच बीन ओकलंड संघाचा कारभारी झाला आणि रुबाबापेक्षा आकडेवारी पाहून खेळाडू घेऊ लागला. मायकेल लुईस यांच्या २००३ सालच्या 'मनीबॉल' ह्या पुस्तकामुळे त्याची गोष्ट जगभर पोचली.

माझा धंदा कॉम्प्युटरचा. आमच्याकडे चाचणीतल्या चुका दोन प्रकारच्या मानतात, अयोग्याला पास करणं आणि योग्याला नापास करणं. गंमत अशी की पहिली चूक सगळ्यांना दिसते आणि दुसरी कोणालाच दिसत नाही. चुकीचा माणूस नोकरीवर घेतला तर तो रोज समोर बसलेला असतो. नाकारलेला चांगला माणूस लिफ्टने खाली जातो आणि पुन्हा कधी भेटत नाही. म्हणून "माझी निवड सहसा चुकत नाही" म्हणणाऱ्या मॅनेजरने फक्त निवडलेलेच मोजलेले असतात. खेळातही तेच. जोसेफ स्कूलिंगने २०१६ साली रिओला १०० मीटर बटरफ्लाय ५०.३९ सेकंदांत जिंकून सिंगापूरला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण चाचणीच्या दिवशी ताप आला म्हणून तलाव सोडलेल्या पोराची नोंद कुठे असते?

नापास होण्याची कारणं तरी किती क्षुल्लक असावीत! इथे पहिलीचा वर्ग २ जानेवारी ते पुढच्या वर्षीच्या १ जानेवारीपर्यंत जन्मलेल्या मुलांचा. म्हणजे जानेवारीतला मुलगा आणि डिसेंबरातला मुलगा एकाच रांगेत उभे राहतात, पण एक जवळजवळ वर्षाने मोठा असतो. बाराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे काही इंच उंची आणि बराच दम. कॅनडात आइस हॉकीच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त का, हा प्रश्न रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात मांडला होता. आपण ज्याला गुण म्हणतो, त्यात कॅलेंडरचा वाटा किती, हे प्रत्येक निवड समितीने स्वतःला विचारायला हवं.

मग निवड बंदच करायची का? मला तसं वाटत नाही. जागा मोजक्या आहेत, कोणीतरी काहीतरी पाहून त्या द्यायच्याच आहेत. नुसते परीक्षेचे मार्क पाहिले तरी तेही एक भाकीतच. उलट डीएसएमुळे पुस्तकात न रमणाऱ्या मुलाला दुसरं दार मिळालं, हे मान्य करायला हवं. त्या दारासमोरही महागड्या कोचिंगवाल्यांची गर्दी होते, हा वेगळा दुखरा विषय आहे.

माझ्या मते खरा नैतिक प्रश्न हा, की भाकीत चुकलं तर किंमत कोण मोजतो? शाळा दरवर्षी अनेक मुलं निवडते. दोन चुकली, चार जमली, सरासरी साधते. मुलाकडे मात्र बालपण एकच. डीएसएने जागा पक्की केलेल्या मुलाला पीएसएलईनंतर दुसरी शाळा मागता येत नाही. चौदाव्या वर्षी गुडघा दुखावला किंवा त्या खेळातून मनच उडालं, तर? अशा वेळी "तुला खेळासाठी घेतलं होतं" हे वाक्य त्याला ऐकावं लागू नये, ही जबाबदारी निवडणाऱ्याची. ज्याने भाकीत केलं त्यानेच त्याची जोखीम उचलावी. बारा वर्षांच्या खांद्यांवर ती टाकणं मला अन्याय्य वाटतं.

कल्याणच्या प्रणव धनावडेची आठवण होते. जानेवारी २०१६ मध्ये पंधराव्या वर्षी त्याने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. जगभर नाव झालं, मुंबई क्रिकेट असोसिएशनने दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढच्याच वर्षी, खेळ उतरल्यामुळे ती थांबवा, अशी विनंती घरच्यांनीच केल्याच्या बातम्या आल्या. त्या कुटुंबाच्या स्वाभिमानाला माझा नमस्कार. पण कौतुकाने दिलेली मदत पोराला कर्जासारखी वाटू लागावी, ह्यात आपल्या सगळ्यांच्या अपेक्षांचा वाटा नाही का?

आणि शिवाजी पार्कची ती गोष्ट तर आपल्याला पाठच आहे. अकरा वर्षांचा सचिन आचरेकर सरांच्या नेटमध्ये पहिल्यांदा उतरला आणि बिचकून धड खेळलाच नाही. अजितने विनंती केली, की सर, जरा दूर उभे राहून पुन्हा पाहा. सर झाडाआड गेले, त्यांनी पुन्हा पाहिलं, आणि मुलगा निवडला गेला. ह्याच सचिनला १९८७ साली मद्रासच्या एमआरएफ अकादमीत डेनिस लिली यांनी वेगवान गोलंदाजीसाठी नाकारलं आणि फलंदाजीकडे लक्ष द्यायला सुचवलं. तो नकार योग्यच होता. एका कामाला "नाही" म्हटलं गेलं, मुलाला नाही.

१९८८ साली आझाद मैदानावर सचिन-विनोदने ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पॅड बांधून बसलेला पुढचा फलंदाज होता तेरा वर्षांचा अमोल मुजुमदार. पुढे रणजी पदार्पणात २६० धावा, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, तरी भारताची टोपी मिळाली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता. न निवडला गेलेला माणूस संपत नाही, हे आपल्या मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. दिसत असतीलही, पण ते पुढे कुठे चालत जाणार हे पाळण्यात दिसत नाही. तेव्हा मंडळी, यंदा निकालाची ईमेल आली, की ती होकाराची असो वा नकाराची, मुलाला वाचून दाखवताना एवढंच सांगूया: हा एका शाळेचा, एका खेळाबद्दलचा, या वर्षीचा अंदाज आहे. आणि संध्याकाळी त्याला खेळायला जाऊ द्या.