जुनं गाणं, नवं वय

पंक बँडचं रीयुनियन, या शब्दांतच एक अडचण आहे. पंक म्हणजे आत्ता, या क्षणी, गिटार नीट येत नसली तरी. रीयुनियन म्हणजे माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. ज्यांनी तरुणपणी ओरडून सांगितलं की आम्हाला भविष्यच नाही, ते भविष्यात जाऊन, पोट सुटल्यावर, तीच गाणी तिकीट लावून वाजवतात. मग हसायचं की नाचायचं?

सेक्स पिस्टल्स हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. 1975 मध्ये लंडनमध्ये सुरू झालेला बँड, 1977 मध्ये आलेला एकच स्टुडिओ अल्बम, आणि जानेवारी 1978 मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावरच फुटाफूट. नंतर 1996 मध्ये मूळचे चौघे पुन्हा एकत्र आले आणि फिन्सबरी पार्कमध्ये वाजवले. गायक जॉन लायडन ज्या उत्तर लंडनमध्ये वाढला, तिथेच. दौऱ्याचं नाव त्यांनीच ठेवलं होतं 'फिल्दी लुकर'. आपल्या भाषेत, हरामाची कमाई. आम्ही पैशासाठी आलोय, हे त्यांनी लपवलं नाही.

अशा रीयुनियनवर दोन आरोप होतात. पहिला, तुम्ही विकले गेलात. हा मला फार जड वाटत नाही. कलाकाराने उपाशी राहून आपल्याला प्रामाणिकपणा पुरवावा, ही अपेक्षा महिन्याच्या एक तारखेला पगाराचा मेसेज बघणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी करू नये. दुसरा आरोप खरा अवघड आहे. तो म्हणजे, हे गाणं आता खोटं आहे. विसाव्या वर्षीचा राग चाळिशीत तुमच्याकडे उरलेला नाही, तुम्ही त्याची नक्कल करताय.

आपल्याकडे पंकचं असं मोठं उदाहरण नाही, पण जवळचं एक आहे. 1984 मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' सुरू झाला. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि मंडळी. कॉलेजच्या फेस्टमध्ये पब्लिकला परदेशी बँडची गाणी हवी असायची, त्या काळात त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा हट्ट धरला. 1993 मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं, 1997 मध्ये थांबले, आणि 2010 मध्ये परत आले. परतले तेव्हा बेस आणि ड्रम्सवर नवी माणसं होती, आणि 2012 मध्ये त्यांनी नवा अल्बम काढला.

मला यातलं शहर जास्त अस्वस्थ करतं. ज्या रंगभवनात मुंबईच्या रॉकचं पब्लिक जमायचं, तिथे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे मैफली बंद झाल्या होत्या. म्हणजे बँड आपल्या गावी परतला, पण ते गाव जागेवर नव्हतं. माणसं बदललेली, नाव बदललेलं, शहर बदललेलं. मग 'तोच बँड' म्हणजे नेमकं काय?

हा प्रश्न माझ्यासाठी हवेतला नाही. इंजिनीअरिंगला असताना आम्हा चौघांचा एक बँड होता. तिसऱ्या वर्षी आम्ही एक गाणं केलं, प्लेसमेंटवर. दोन वर्षांचा बॉण्ड, कंपनीच्या कपाटात अडकलेली ओरिजिनल सर्टिफिकेटं, आणि समोर बसून आपल्याला 'रिसोर्स' म्हणणारा माणूस. गाणं वाईट होतं, पण राग खरा होता. आता ड्रमरचा मेसेज आलाय की येत्या डिसेंबरमध्ये पनवेलमध्ये एकदा वाजवूया, सगळे येतायत. गंमत अशी की आता इंटरव्ह्यू पॅनलवर मी बसतो. गेल्याच महिन्यात मी एका मीटिंगमध्ये 'दोन रिसोर्स कमी पडतायत' असं म्हणालो. ते गाणं मी कुठल्या तोंडाने म्हणायचं?

'खोटं गाणं' या आरोपामागे एक गृहीतक आहे. गाणं म्हणजे गाणाऱ्याच्या मनाचं प्रमाणपत्र, हे ते गृहीतक. रॉकमध्ये ते फार घट्ट आहे, कारण लिहिणारा आणि गाणारा बहुधा एकच असतो. पण आपल्या भाषेची सवय वेगळी आहे. 'तुका म्हणे' अशी मुद्रा असलेला अभंग दिंडीत कोणीही म्हणतो. ढोंगी लोकांवरचा तुकोबांचा संताप शेतकरी म्हणतो, क्लार्क म्हणतो, एखादा ढोंगीसुद्धा म्हणतो. टाळ थांबवून कोणी विचारत नाही, 'बुवा, हे तुम्हाला आतून वाटतंय का?'

शाहिरीतही तेच. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली अण्णाभाऊंची मुंबईवरची छक्कड आज अशी पोरं गातात, ज्यांनी चालू गिरणी पाहिलेली नाही. तरी अंगावर काटा येतो. कारण 1 मे 1960 ला राज्य झालं तरी बेळगाव बाहेरच राहिलं. गाण्यातली तक्रार अजून मिटलेली नाही.

पण यात एक पळवाटही आहे. गाणं कोणाचंच नसेल तर ते कोणीही, कशासाठीही वापरेल. मोर्च्यातलं गाणं उद्या ज्या बिल्डरविरुद्ध मोर्चा होता त्याच्याच जाहिरातीत वाजेल, आणि आपल्याला तक्रार करायला जागा उरणार नाही.

म्हणून मला प्रमाणपत्रापेक्षा साक्ष हा शब्द जवळचा वाटतो. तीस वर्षांनी कोर्टात उभ्या राहिलेल्या साक्षीदाराचे हात तेव्हासारखे थरथरले पाहिजेत, अशी अट नसते. त्याने जे पाहिलं ते सांगायचं. राग विझला म्हणून साक्ष खोटी होत नाही. मात्र मधल्या काळात तो आरोपीच्या कंपनीत नोकरीला लागला असेल, तर ते त्याने आधी सांगायला हवं. लपवलं, की साक्ष बाद.

या मापाने पिस्टल्सकडे पुन्हा बघा. 1996 मध्ये मूळचे चौघे होते, आणि त्यांनी आपला व्यवहार दौऱ्याच्या नावातच सांगून टाकला. ऑगस्ट 2024 मध्ये लायडनशिवाय, फ्रँक कार्टर नावाच्या नव्या गायकाला घेऊन, बाकीचे तिघे लंडनच्या बुश हॉलमध्ये वाजले. स्टीव्ह जोन्स आणि पॉल कुक वाढले त्या शेफर्ड्स बुशमधला हा छोटा हॉल, आणि त्याला टिकवण्यासाठी हे शो होते. ओळखीचा आवाज नव्हता, पण गाणी कोणाच्या बाजूने उभी आहेत ते स्पष्ट होतं. मला हे दुसरं रीयुनियन जास्त अस्सल वाटतं. पहिलं मात्र खोटं वाटत नाही.

खोटेपणाचा धोका खरं तर आपल्या बाजूने, ऐकणाऱ्यांच्या बाजूने जास्त असतो. आपण बँडला भेटायला जातच नाही, आपल्या विशीला भेटायला जातो. फोन वर करतो, रील बनवतो, आणि जे गाणं कोणालातरी टोचण्यासाठी लिहिलं होतं ते गोड करून घरी आणतो. टोचणारं गाणं 'क्यूट' झालं, की ते संपलं.

ड्रमरला मी हो म्हटलंय. एक अट घातली. ते गाणं सुरू करण्याआधी, आम्ही चौघे आता कुठे काम करतो आणि त्यातले किती जण पोरांचे इंटरव्ह्यू घेतात, ते माइकवर सांगायचं. मग गाणं. समोर एखादा फायनल इयरचा मुलगा असेल तर त्याने हे आमच्याबद्दल आहे असं समजून ऐकावं. ते बरोबरच आहे.