कोळंबीचा डोळा आणि आपली अमानत

कोळंबी आपल्या दस्तरखानावर येते तेव्हा तिच्याविषयी बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : ती हलाल आहे काय? कोकणातील शाफई कुटुंबांना हा प्रश्न पडत नाही. हनफी उलेमांमध्ये मात्र कोळंबीला मासा मानावे की नाही, यावर जुना मतभेद आहे. तो सोडविणे हे या लेखाचे प्रयोजन नव्हे. पवित्र कुरआनच्या सूरह बकरामध्ये (आयत १६८) मानवांना जे अन्न खाण्यास सांगितले आहे, त्यासाठी दोन शब्द आले आहेत : हलाल आणि तय्यिब. पहिल्या शब्दाविषयी आपण पुष्कळ चर्चा करतो. दुसरा शब्द, म्हणजे उत्तम, शुद्ध, निर्मळ, आपल्याला आणखी एक प्रश्न विचारावयास लावतो : हे अन्न आपल्यापर्यंत कोणत्या मार्गाने आले?

आज बाजारातील पुष्कळशी कोळंबी समुद्रातून नव्हे, तर तळ्यांतून येते. भारतात २००९ साली वनामी जातीच्या संवर्धनास परवानगी मिळाली आणि किनारपट्टीवर हा व्यवसाय झपाट्याने वाढला. या तळ्यांत सोडावयाचे बी हॅचरीत तयार होते. त्यात मोठे हितही आहे. पूर्वी बंगालच्या खाड्यांत वाघ कोळंबीचे बी बारीक जाळ्यांनी गोळा करीत, तेव्हा त्याबरोबर इतर माशांची असंख्य पिल्ले मरून जात. हॅचरीमुळे समुद्रावरील हा भार हलका होतो.

परंतु हॅचरीत एक अडचण असते. बंदिस्त टाकीत मादी कोळंबी सहजासहजी अंडी धरीत नाही. तिचे डोळे देठांवर असतात आणि त्या देठांत एक सूक्ष्म ग्रंथी असते. योग्य परिस्थिती येईपर्यंत अंडाशयाची वाढ रोखून धरणारे संप्रेरक तेथून स्रवते. जणू तिच्या निर्मात्याने तिच्या देहातच संयमाचा लगाम ठेवला आहे. डोळ्याचा देठ काढला की अंडाशयाची वाढ वेगाने होते, हे १९४३ साली पानूझ या फ्रेंच संशोधकाने दाखविले. पुढे जगभरातील अनेक हॅचऱ्यांत मादीचा एक डोळा देठासह कापला, चिरडला किंवा दोऱ्याने आवळून पाडला जातो. मग ती वारंवार अंडी देते आणि लवकर झिजते.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. एका कोळंबीच्या डोळ्याची ती काय किंमत, असे कोणी म्हणेल. परंतु सूरह अनआममध्ये (आयत ३८) पृथ्वीवरील प्राण्यांना आणि पक्ष्यांना आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. एका मुंगीने दंश केला म्हणून एका पैगंबरांनी मुंग्यांचे संपूर्ण वारूळ जाळविले, तेव्हा अल्लाहने त्यांना जाब विचारला, असे बुखारीतील हदीस सांगते. जिवंत प्राण्याचे अवयव छाटणाऱ्याचा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी धिक्कार केला आहे. जबह करतानाही सुरी धारदार असावी आणि जनावराला क्लेश कमी व्हावेत, ही त्यांची शिकवण आहे. ज्याचा प्राण घेण्याची अनुमती आहे, त्यालाही यातना देण्याची मोकळीक नाही, हा त्याचा सरळ अर्थ.

यावर एक गंभीर आक्षेप येईल. अनेक फकिहांनी फायद्यासाठी बोकड खच्ची करण्यास अनुमती दिली आहे, मग कोळंबीचा डोळा का नको? आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही आणि अंतिम निर्णय देणे उलेमांचे काम आहे. तरीही एक गोष्ट आपण स्वतःच समजून घेऊ शकतो. त्या अनुमतीमागे खरी गरज आणि खरा लाभ गृहीत धरलेला आहे. दुसरा मार्ग उपलब्ध झाला की गरजेची सबब दुर्बळ होते.

आणि दुसरा मार्ग आता उपलब्ध आहे. माखली आणि समुद्री किडे यांसारखा सकस आहार, पाण्याचे तापमान व प्रकाश यांचे नियोजन, नर-मादीचे योग्य प्रमाण आणि चांगल्या वाणाची निवड यांच्या बळावर डोळा न कापताही मादी अंडी देते. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांना तर असे आढळले की, डोळे शाबूत असलेल्या मातांची पिल्ले काही घातक रोगांना अधिक चांगले तोंड देतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्यांपैकीच एक. १९९०च्या दशकात याच रोगाने आपल्या किनाऱ्यावरील अनेक तळी ओस पाडली होती. म्हणजे दयेचा मार्ग येथे तोट्याचा मार्ग ठरत नाही. ब्रिटनने २०२२ साली कोळंबी व खेकड्यांच्या वर्गाला संवेदनक्षम प्राणी म्हणून कायद्यात मान्यता दिली, तीही शेकडो शोधनिबंधांच्या परीक्षणानंतर.

प्राणिशास्त्राने प्रथम माणसाला कोठे कापावे हे दाखविले. त्याच शास्त्राने पुढे न कापता कसे भागवावे हेही दाखविले. ज्ञान स्वतः निर्णय देत नाही, ते आपली सबब तेवढी काढून घेते. ज्याला ठाऊक नव्हते आणि ज्याला ठाऊक झाले, त्या दोघांचा हिशेब आखिरतमध्ये सारखा कसा असेल?

तुमच्यापैकी कोणाची खाडीकाठी तळी असतील, तर बी घेताना विचारा : मातांचे डोळे कापले होते काय? मत्स्यशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी हा विषय अभ्यासासाठी निवडावा. आणि आपण खाणाऱ्यांनी विक्रेत्याला विचारत राहावे. आज त्याला उत्तर ठाऊक नसेल, परंतु विचारणारे वाढले की उत्तर शोधावेच लागते.

पृथ्वीवर मानवाला खलिफा नेमले आहे, मालक नव्हे. मुखत्याराच्या हाती सोपविलेली वस्तू एक दिवस परत मागितली जाते. त्या दिवशी हिशेबात कोळंबीचा इवलासा डोळाही असू शकेल, याचे भान ठेवून बिस्मिल्लाह म्हणावे.