कुरणापलीकडची मैत्री

समाजमाध्यमांवरच्या मैत्रीला खोटं ठरवायचं असलं की साक्षीला हमखास ॲरिस्टॉटल उभा केला जातो. त्याला कारणही आहे. ‘निकोमाखियन एथिक्स’च्या दहा पुस्तकांपैकी दोन त्यानं मैत्रीला दिली आणि त्यांत ठासून सांगितलं, की मित्रांनी सोबत राहायला हवं. सोबत मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, ही त्याच्या काळची म्हणही तो देतो. मोबाइलवर मीठ कुठून आणणार?

पण हा निकष कडकपणे लावायचा तर मराठीतली काही मोठी नाती अडचणीत येतात. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र धाडलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यात ‘चांगदेव पासष्टी’ आधी पोचते, भेट नंतर होते. अगदी अलीकडचं पाहायचं तर धारवाडला माणसांची गर्दी टाळून राहणारे जी. ए. कुलकर्णी पत्रांत भरभरून बोलत. सुनीताबाई देशपांडे यांना त्यांनी लिहिलेली पत्रं पुस्तकरूपानं आली, सुनीताबाईंची ‘प्रिय जी. ए.’ या नावानं. त्यांची भेट झाली, नाही असं नाही, पण ती मैत्री पोसली टपालानं. तिला कुणी खोटी म्हटलं नाही. पत्राला बैठक लागते, वाट पाहावी लागते, आणि कष्ट दिसले की आपण भावनेवर लवकर विश्वास ठेवतो, असा माझा संशय आहे.

पडद्यावर ते कष्ट दिसेनासे झाले. 2004 मध्ये ऑर्कुट आणि फेसबुक दोन्ही सुरू झाली आणि मैत्री करणं म्हणजे एक बटण दाबणं झालं. अभ्यासकांचं मतही या काळात फिरत गेलं. एमआयटीतल्या शेरी टर्कल यांचं 1995 चं ‘लाइफ ऑन द स्क्रीन’ बरंच आशावादी होतं. पडद्यावर माणूस स्वतःची वेगवेगळी रूपं आजमावून पाहतो, यात त्यांना शक्यता दिसत होत्या. 2011 च्या ‘अलोन टुगेदर’मध्ये मात्र सूर काळजीचा आहे: जोडलेले आहोत, तरी एकटे.

मला वाटतं, मधल्या काळात माणसापेक्षा जागा जास्त बदलली. सुरुवातीला लोक जिथं जात तिथं तीच तीच माणसं भेटत. ऑर्कुटच्या कम्युनिटीतही जुन्या गाण्यांवर किंवा गडकोटांवर तेच दहाजण रोज भांडत. 2006 मध्ये फेसबुकवर न्यूज फीड आलं आणि पुढे बहुतेक ठिकाणी तीच रीत झाली. आता समोरून सतत माणसं वाहत जातात आणि आपण अंगठा वर करतो. याला मैत्री म्हणायला मीही तयार नाही.

पण तीच तीच माणसं भेटणाऱ्या जागेत काय घडू शकतं, हे दाखवते म्हणून मला ओस्लोच्या मॅट्स स्टीनची गोष्ट महत्त्वाची वाटते. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आजारानं तो लहानपणीच व्हीलचेअरवर आला आणि 2014 मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. शेवटच्या दहा वर्षांत त्यानं पंधरा ते वीस हजार तास गेम खेळण्यात घालवले होते. आईवडिलांचं सगळ्यात मोठं दुःख हे, की मुलाला ना मित्र मिळाले ना प्रेम. तो गेल्यावर वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर बातमी टाकली आणि युरोपभरातून ईमेल येऊ लागले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या गेममध्ये ‘इबेलिन’ या नावानं तो ‘स्टारलाइट’ नावाच्या गटात वर्षानुवर्षं वावरला होता. एका आईला तिच्या स्वमग्न मुलाशी जवळीक साधायला त्यानं मदत केली होती, कुणाची रडगाणी ऐकली होती, वाईट दिवसांत तो कुणावर खेकसलाही होता. अंत्यविधीला गटातले काहीजण परदेशातून आले. 2024 मध्ये या सगळ्यावर माहितीपटही आला.

त्याच्या आजाराची गटातल्या बहुतेकांना बरीच वर्षं कल्पनाच नव्हती. ही लपवाछपवी झाली, असं कुणी म्हणेल. मला ती तशी वाटत नाही. घरच्यांना त्याची खुर्ची माहीत होती, गटाला त्याचा स्वभाव, आणि अर्धी ओळख दोन्हीकडे होती.

मग ॲरिस्टॉटलचं काय? त्याला साक्षीला बोलावणारे नवव्या पुस्तकापर्यंत सहसा पोचत नाहीत. तिथं तो सोबत राहण्याचा अर्थ उलगडतो. माणसांच्या बाबतीत सोबत राहणं म्हणजे बोलण्यात आणि विचारात सहभागी होणं. गुरांसारखं एकाच कुरणात चरणं नव्हे. इंटरनेटच्या तेवीसशे वर्षं आधी त्यानं दार किलकिलं करून ठेवलं होतं. आता या कसोटीवर एकाच घरातली, एकाच टीव्हीसमोर बसणारी किती माणसं उतरतील, हा प्रश्न मी सोडून देतो. घरी वाद नकोत.

दूरच्या मित्राला काही गोष्टी जमत नाहीत, हे मान्यच आहे. तो दवाखान्यात डबा घेऊन येत नाही, रात्री दोनला गाडी काढत नाही. पण मोठी उणीव मला दुसरीच वाटते. आपल्याकडे माणूस गेला की फोन फिरवले जातात: आधी नातेवाईक, मग शेजारी, मग ऑफिस. किशोरी आमोणकरांच्या भूप रागावर ज्याच्याशी दहा वर्षं रोज रात्री वाद घातला, तो नागपूरचा किंवा न्यू जर्सीचा मित्र त्या यादीत नसतो. आपला मित्र रुसला असेल, असं समजून तो महिनाभर गप्प राहतो. मॅट्सनं ब्लॉगचा पासवर्ड घरच्यांसाठी ठेवला होता, म्हणून वडिलांना कळवता तरी आलं. फेसबुकनं 2015 पासून ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ची सोय दिली आहे, आपल्यामागे खातं कुणी सांभाळायचं, ते आधीच ठरवून ठेवता येतं. बँकेत नॉमिनीचा रकाना भरताना आपण चष्मा पुसून घेतो. फेसबुकवरचा हा रकाना भरल्याचं माझ्या ओळखीतल्या एकानंही अजून सांगितलेलं नाही.