केबलमध्ये शक्ती असते का?

दोन सी-टाइप केबल शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही. दोघींचे तोंड तेच, २०१४ साली ठरलेले, चोवीस पिनांची सोय असलेले, उलटसुलट कसेही बसणारे. तरी एकीने लॅपटॉप भराभर चार्ज होतो आणि दुसरीने फोनसुद्धा रडतखडत. कारण तेच दिसते, पण कार्य होत नाही, हे कोडे भारतीय दर्शनांनी शतकानुशतके चघळले आहे. मीमांसकांचे उदाहरण अग्नीचे होते. एक विशिष्ट मणी जवळ ठेवला की अग्नी जाळत नाही, दिसायला मात्र तो तसाच राहतो. तेव्हा रूपाहून निराळी, इंद्रियांना न कळणारी अशी एक ‘शक्ती’ अग्नीत मानावी, आणि मणी ती नष्ट करतो असे म्हणावे. (असा मणी आज कोणी आणून दाखवणार नाही, पण त्यावाचून वाद अडत नाही.) नैयायिकांना हे मान्य नव्हते. जाळण्याच्या कारणांत अग्नी आणि लाकूड यांच्याबरोबर प्रतिबंधकाचा अभावही धरा, म्हणजे वेगळी शक्ती कल्पावी लागत नाही, असे त्यांचे उत्तर. मणी आला, सामग्री अपुरी पडली, एवढेच. मणी दर वेळी हलवला की नवी शक्ती जन्मली, पुन्हा ठेवला की ती मेली, अशा अगणित शक्ती कशाला मानायच्या, हा नैयायिक विश्वनाथ पंचाननांच्या ‘मुक्तावली’तला आक्षेप मला निर्णायक वाटतो. आणि ‘ही केबल चालत नाही’ असे आपण सहज म्हणतो तेव्हा नकळत मीमांसकाच्या बाजूने बोलत असतो.

सी-टाइपची रचना पाहिली तर नैयायिकाचीच बाजू खरी ठरते. सी-टाइप तोंडाचा चार्जर वीज आधी सोडून ठेवत नाही. समोर खरेच कोणी वीज घेणारे आहे का, हे तो एका छोट्या पिनेवर तपासतो, तिथे ५.१ किलोओहमचा रोध सापडला तरच पाच व्होल्ट सोडतो. स्वस्त दिवे, ट्रिमर, खेळणी बनवणारे पुष्कळदा हा किरकोळ रोध गाळतात. मग ती वस्तू जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरवर चार्ज होते, कारण तिथे पाच व्होल्ट सदाच हजर असतात. दोन्ही टोकांना सी-टाइप असलेल्या केबलवर मात्र ढिम्म. दोष केबलच्या माथी मारला जातो, वास्तविक केबल आणि चार्जर दोन्ही निर्दोष असतात. २०१९च्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाने तर मण्याचेच उदाहरण जिवंत केले. सी-टाइप तोंडात अशा तपासणीच्या दोन पिना असतात, त्यांना दोन स्वतंत्र रोध हवेत. त्या बोर्डावर दोन्ही पिना एकाच रोधाला जोडल्या होत्या. साध्या केबलने तो चालू होई. पण पाच अँपिअर वाहू शकणाऱ्या महागड्या केबलमध्ये ओळख सांगणारी चिप असते आणि तीही एका पिनेवर आपला रोध मांडते. पिना जोडलेल्या असल्याने तो चार्जरला दोन्हींवर दिसे, समोर हेडफोनचा अडॅप्टर आहे असा त्याचा समज होई, आणि वीज येतच नसे. सरस केबल नापास आणि सामान्य केबल पास! शक्ती केबलमध्ये राहत असती तर हे घडले नसते. इथे चिपच प्रतिबंधक झाली, तीही फक्त त्या एका बोर्डापुरती.

यावर मीमांसक गप्प बसणार नाही. तो म्हणेल, काही केबल कुठेही जोडा, मंदच राहतात. २०२३ साली आयफोन १५ बरोबर आलेली केबल सेकंदाला ४८० मेगाबिटांच्या वर जात नाही, मग समोर कितीही वेगवान यंत्र असो. ही तिची स्वतःची मर्यादा नव्हे काय? आहेच. पण न्यायशास्त्राने यासाठी भेद करून ठेवला आहे. कणगीतले बी अंकुराला स्वरूपयोग्य, म्हणजे अंगी नुसती पात्रता असलेले; ओल्या मातीत पडलेले फलोपधायक, म्हणजे प्रत्यक्ष फळ देणारे. तारांची जाडी, जोड्यांची संख्या, चिप ही केबलची स्वरूपयोग्यता होय. ती आवरणाखाली दडलेली असते म्हणून अतींद्रिय ठरत नाही. केबल कापली की दिसते. बिघाड शोधायची रीतही यातून निघते. एकच केबल बदलून निकाल देणे हा अर्धवट अन्वय-व्यतिरेक (कारण असता कार्य, नसता नाही, ही पारख) झाला. संशयित केबल दुसऱ्या यंत्राशी आणि संशयित यंत्र दुसऱ्या केबलशी जोडून पाहावे लागते, चार्जरही फिरवावा लागतो. पाय ४ची महाग केबल कचऱ्यात टाकणाऱ्याने पहिली पायरीच काय ती चढली होती.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. सगळे सामग्रीवर ढकलले तर दोषी कोणीच उरत नाही. बनवणारा म्हणेल, आमची वस्तू ठीक आहे, तुमचा संयोग वाईट. याला केवळ कार्यकारणाने उत्तर देता येत नाही, हे कबूल केले पाहिजे. २०१५च्या सुमारास गूगलचे अभियंते बेन्सन लुंग यांनी बाजारातल्या केबल एकेक तपासून जाहीर केले की कित्येक केबलमध्ये ५६ किलोओहमऐवजी १० किलोओहमचा रोध आहे. जुन्या चार्जरला जोडली तरी अशी केबल फोनला सांगते, तीन अँपिअर खुशाल ओढ. फोन चार्ज होतो, कदाचित लवकरही होतो. ताण पडतो तो चार्जरवर. म्हणजे कार्य घडले तरी दोष आहेच, आणि तो फळावरून ओळखता येत नाही. तो ओळखायचा लिखित मानकावरून, कोणत्या वस्तूने काय केले पाहिजे या आज्ञेवरून. शक्तीच्या वादात हरलेला मीमांसक विधीच्या, म्हणजे त्याच्या शास्त्राचा गाभा असलेल्या आज्ञेच्या, दाराने परत आत येतो, आणि इथे त्याला अडवण्याचे कारण मला दिसत नाही. पाय ४च्या बाबतीतही संयोग दोघांचा होता, पण दोन रोधांचा नियम मोडला होता बोर्डाने, चिपच्या केबलने नव्हे. म्हणूनच नंतरच्या आवृत्तीत जोडणी बदलली ती बोर्डाची.